जुनी डी अँड डी मॉड्यूल्स अजून एवढी का खेचून घेतात?

खेळगडी९१:
आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, तीन वर्षं झाली दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) खेळतोय, म्हणजे एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्यातली पात्रं होतात. आतापर्यंत मॉड्यूल्स, म्हणजे तयार साहसांची पुस्तकं, सगळी नवीन जाडजूडच खेळलो. मागच्या महिन्यात एकीने हट्टच धरला म्हणून गॅरी गायगॅक्सचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' काढलं, १९७९-८० च्या सुमाराचं, जेमतेम तीसेक पानांचं. एक गढी, थोड्या अंतरावर एक घळ, घळीत गुहा आणि गुहांमध्ये गॉब्लिन, ऑर्क वगैरे राक्षस. बस्स, गोष्ट म्हणून काहीच नाही! तरी चार शनिवार झाले, अर्ध्या गुहासुद्धा बघून झाल्या नाहीत आणि आठवडाभर ग्रुपवर त्याच गप्पा चालू असतात. तुमचाही असाच अनुभव आहे का? कशामुळे होत असेल हे?

पडद्यामागचा:
मी बरीच वर्षं डीएम (खेळ चालवणारा) आहे, माझं मत सांगतो. या मॉड्यूल्समध्ये जागा मोकळी सोडलेली असते म्हणून. माइक कारचं 'इन सर्च ऑफ द अननोन' बघ, त्यात खोल्यांचं वर्णन दिलंय पण राक्षस कुठला आणि खजिना किती यासाठी चक्क कोऱ्या ओळी ठेवल्यात, मागे यादी आहे त्यातून निवडायचं आणि पेन्सिलीने लिहायचं, म्हणजे नवा डीएम खेळ चालवायला तिथेच शिकतो. तुमच्या गढीतल्या माणसांना तरी नावं कुठे आहेत? लोहार, पुजारी, खानावळवाला, एवढंच. आमच्याकडे एका मुलीने लोहाराला नाव विचारलं, मी सुचेल ते ठोकून दिलं, आणि पुढे सहा महिने तो लोहार आमच्या खेळातला सगळ्यात लाडका माणूस होता. आणि ते सुटं कव्हर! आतल्या बाजूला फिक्या निळ्या रंगात नकाशा, तेच समोर उभं केलं की खेळाडूंपासून नोंदी लपवायचा डीएमचा पडदा तयार.

शेवटचीमशाल:
+१. आणि 'कीप' मध्ये खेळाडूंना सुरुवातीला मिळतात त्या अफवा विसरू नका, त्यातल्या काही खऱ्या काही खोट्या. 'ब्री-यार्क म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत आम्ही शरण आलो' अशी एक अफवा आहे, माझ्या कॅरेक्टरला (खेळातल्या पात्राला) नेमकी तीच मिळाली होती. गुहेत गॉब्लिन ब्री-यार्क ब्री-यार्क ओरडायला लागले आणि मी तलवार म्यान करून पुढे गेले, तर ते आपल्या लोकांना मदतीला बोलावत होते!! तेवढ्यात त्यांनी चोरदारातून २५० सोन्याच्या नाण्यांची थैली शेजारच्या ओग्रेकडे (धिप्पाड राक्षसाकडे) फेकली आणि तो पैसे घेऊन आमच्यावर धावून आला. बारा वर्षं झाली, अजून तो आवाज कानात आहे. शेजारी शेजाऱ्याला पैसे देऊन बोलावतो, एवढ्या एका गोष्टीने ती घळ खरी वाटायला लागते.

सरळमार्गी:
मी थोडा वेगळा बोलतो. सगळं जुनं चांगलं असं नाही. 'टूम ऑफ हॉरर्स' मध्ये भिंतीवर हिरव्या सैतानाचा चेहरा आहे, तोंड उघडं, आत शिरलात की संपलात, फासा टाकून वाचायची संधीसुद्धा नाही. सहा महिने जपलेलं कॅरेक्टर असं गेलं की मन खट्टू होतं. मला १९८३ चं 'रेव्हनलॉफ्ट' जास्त आवडतं, हिकमन दांपत्याचं, त्यात खलनायकाला स्वतःचं दुःख आहे, हेतू आहे.

पडद्यामागचा:
रेव्हनलॉफ्टबद्दल शंभर टक्के मान्य. पण टूम मुळात १९७५ च्या ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनातल्या स्पर्धेसाठी होतं, छापलं १९७८ मध्ये. तिथे परीक्षा कॅरेक्टरची नव्हे, खेळणाऱ्याच्या डोक्याची. जपलेलं कॅरेक्टर तिथे न्यायचंच नाही, एका रात्रीपुरतं नवं बनवायचं आणि आत शिरायच्या आधी त्या तोंडात काठी घालून बघायची.

खेळगडी९१:
खूप आभार सगळ्यांचे! अफवांचं पान मी चक्क गाळलं होतं, या शनिवारी खानावळीत बसवून प्रत्येकाला एकेक चिठ्ठी देणार. आणि आमच्या ग्रुपमधल्या कुणी ब्री-यार्कचं वाचलं असेल तर कृपया इथे उत्तर देऊ नका, ग्रुपमधले दोघं हा धागा वाचतात.