६२ टक्क्यांची बर्बन: जाळ बाजूला ठेवून चव कशी जोखावी?

मुलुंडकर

नमस्कार. आम्ही चौघे मित्र महिन्यातून एकदा कोणा एकाच्या घरी बसून एखादी व्हिस्की सावकाश चाखतो, वहीत टिपण करतो आणि शंभरपैकी गुण देतो. आजवर आमचा सारा भर स्कॉच सिंगल माल्टवर होता, म्हणजे ४० ते ४६ टक्के अल्कोहोल. गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्याने अमेरिकेहून येताना एक बॅरल प्रूफ बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, आणली. लेबलवर १२४.२ प्रूफ, म्हणजे ६२.१ टक्के. नेहमीप्रमाणे ओतली, ग्लासात नाक घातले आणि डोळ्यांत पाणी आले. वास थेट नेलपॉलिश रिमूव्हरचा. पहिल्या घोटाला जीभ बधिर झाली आणि दुसऱ्या घोटाची चव घ्यायला ती जागेवरच नव्हती. चौघांच्या गुणांत पंचवीसचे अंतर पडले, असे पूर्वी कधी झाले नव्हते.

रात्री ग्लास विसळायला घेतले तेव्हा मात्र रिकाम्या ग्लासातून काकवीचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा इतका सुरेख वास येत होता, की मी नळ बंद करून तसाच उभा राहिलो. हा वास भरल्या ग्लासात आम्हाला का सापडला नाही? अशा व्हिस्कीत पाणी घालून गुण देणे ही लबाडी ठरते का? आणि जाळ हा तिचा दोष धरावा की स्वभाव?

मुरलेला

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत चांगला आहे. त्याच्याकडे मी थोडे वळसा घेऊन येतो.

अमेरिकेच्या नियमानुसार बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो, ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिपातच मुरवावी लागते आणि पिपात भरताना तिची तीव्रता १२५ प्रूफपेक्षा अधिक चालत नाही. पुढे केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामाच्या वरच्या मजल्यांवर पिपातून अल्कोहोलपेक्षा पाणी लवकर उडते, म्हणून तिथल्या पिपांत टक्केवारी वाढत जाते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत नेमके उलटे घडते. बॅरल प्रूफ म्हणजे पिपातून निघाली तशी, पाणी घालून खाली न आणता भरलेली. त्यामुळे लेबलवरच्या आकड्याने दबून जाऊ नये. तो पुष्कळ अंशी पीप कोणत्या मजल्यावर आणि किती वर्षे पडून होते, याचा हिशेब असतो.

जाळाचे कारण शरीरात आहे. मिरचीतला तिखटपणा तोंडातल्या ज्या संवेदकाला चेतवतो, त्यालाच अल्कोहोलही चेतवते. हा संवेदक एरवी सुमारे ४२ अंशांना 'भाजले' असे सांगतो. अल्कोहोलमुळे ती मर्यादा ३४ अंशांच्या आसपास येते आणि मग तोंडाची स्वतःची ऊबच त्याला भाजल्यासारखी वाटते. म्हणूनच पहिल्या घोटाला गुण देऊ नयेत. लवंगी मिरची चावल्यावर आमटीत मीठ कमी आहे की जास्त, हे कोण सांगू शकेल?

रिकाम्या ग्लासाचे कोडेही यातच सुटते. अल्कोहोल लवकर उडून जाते आणि व्हॅनिलिनसारखी (व्हॅनिलाचा वास देणारी) लाकडातून आलेली जड द्रव्ये काचेला धरून मागे राहतात. भरल्या ग्लासातही ती होतीच, पण वाफेच्या गर्दीत आपल्या नाकापर्यंत पोहोचली नाहीत. म्हणून २० ते ३० मिलिलिटर ओतून ग्लास पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवावा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान ३२ अंश असले तर वाफ आणखीच उसळते, तेव्हा एसी लावावा. बाटली फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, कारण थंडीने वासच मिटतो. ग्लास हनुवटीशी धरावा, ओठ किंचित उघडे ठेवावेत, लहान श्वास घ्यावेत आणि ग्लास घुसळू नये. पहिल्या दोन-चार थेंबांनी केवळ तोंड सरावू द्यावे. त्यानंतरचा छोटा घोट तोंडात चघळल्यासारखा फिरवावा. जिम बीम या बर्बन कंपनीच्या बुकर नो यांच्या नावाशी जोडलेली ही 'केंटकी च्यू'ची पद्धत पाहायला विनोदी वाटते, पण जिभेच्या कडांना जे कळते ते घाईने गिळून कळत नाही.

थेंबमोजणी

पाण्याविषयी. लबाडी मुळीच नाही, परंतु 'अंदाजे थोडेसे' पाणी घालणे हा गुणांशी केलेला खेळ आहे, कारण चौघांचे अंदाज चार असतात. घरात लहान मुलांच्या औषधाची सुईविरहित सिरिंज असेल, ती घ्यावी. ३० मिलिलिटर ६२.१ टक्क्यांची व्हिस्की ५० टक्क्यांवर आणायला साधारण ७.३ मिलिलिटर पाणी लागते आणि ४५ टक्क्यांवर आणायला साधारण ११.४. प्रत्येकासमोर एक ग्लास मूळ, एक ५०चा आणि एक ४५चा, तिन्हींत दहा-दहा मिलिलिटर, असे मांडावे. पाणी गाळलेले व खोलीच्या तापमानाचे असावे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर सगळी मेहनत वाया जाईल.

पाण्याने चव नुसती पातळ होत नाही, तिची मांडणीही बदलते. स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ साली संगणकावर मांडलेल्या प्रतिकृतीत असे दिसले, की ग्वायकॉल हे धुराची आठवण देणारे द्रव्य ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंमध्ये गुरफटून आत राहते, तर ४५ टक्क्यांपर्यंत ते पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाच्या जवळ येते.

शेरेबाज

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण जाळ हा निव्वळ स्वभाव मानायला मी तयार नाही. ६२ टक्क्यांची काही बर्बन तोंडात उतरताना ऊब देते आणि मागे गोडवा सोडते, तर काही तेवढ्याच ताकदीची घशात ओरखडा काढते आणि मागे काहीच सोडत नाही. दुसरीच्या बाबतीत गुण कापायला कचरू नये. खरी परीक्षा ४५ टक्क्यांच्या ग्लासात होते: कोवळी व्हिस्की तिथे कच्च्या मक्याच्या पिठासारखी लागते, पिपात गरजेपेक्षा जास्त राहिलेली, तासभर उकळलेल्या चहासारखी तुरट होते. जी तिन्ही ग्लासांत आपला चेहरा टिकवते, ती वरच्या गुणांची. शेजारी ५०.५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१ ही बर्बन नाव झाकून ठेवली तर तुलनेला आधार मिळेल.

एक आग्रहाची सूचना. इंग्रजी टिपणांतले चेरी पाय आणि ग्रॅहम क्रॅकर आपल्या वहीत उतरवू नयेत. ओकमधल्या लॅक्टोनचा वास आपल्याला खोबऱ्याच्या वडीचा वाटतो, युजेनॉल म्हणजे तर साक्षात लवंग, आणि पिपाच्या जळक्या आवरणाला भर पावसात चौपाटीवर निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाइतकी जवळची उपमा मला तरी सापडलेली नाही. तिथेही मका आणि कोळसाच असतो! आणि हो, चखणा नंतर. लसणाच्या शेवेपुढे कोणतीही बर्बन टिकत नाही.

परळवासी

हिशेबाची एक गोष्ट राहिली. आपल्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तुलनेत हिचा एक पेग जवळजवळ दीड पेगाइतका असतो. बैठकीत थुंकण्यासाठी एक भांडे ठेवावे आणि कोणीही स्वतः गाडी चालवत परतू नये.

मुलुंडकर

आपणा सर्वांचे आभार. काल पुन्हा बसलो: नातवाच्या औषधाची सिरिंज, बारा ग्लास, एसी २४वर. मूळ ग्लासाजवळ वीस मिनिटांनी गेलो तेव्हा नेलपॉलिश बरेचसे ओसरले होते आणि दालचिनी लागली. ५०च्या ग्लासात शेंगदाण्याची चिक्की आली, आणि तीही किंचित करपलेली, पाकाचा अंदाज चुकल्यावर पातेल्याच्या तळाशी चिकटते तशी. ४५ला शेवट तुरट झाला. शेरेबाज यांचा उकळलेला चहा मला आणि आणखी एकाला आढळला, उरलेल्या दोघांनी तो मान्य केला नाही. वाइल्ड टर्कीची सोय होऊ शकली नाही.

गुण ८४, ८६, ८१ आणि ८७. ज्याने ८१ दिले त्याने मूळ ग्लासाला वेगळे ७० लिहून खाली रेघ मारली आहे, आणि एकाच व्हिस्कीला दोन आकडे का नसावेत यावर तो अजून अडून बसला आहे.