मदत हवी आहे: किनाऱ्यालगतच्या जुन्या बाजारपेठेतलं पार्किंग

किनाऱ्यालगतच्या जुन्या बाजारपेठेच्या आराखड्यावर सूचना द्यायच्या आहेत. दुकानांसमोरची जागा सकाळीच दुकानदारांच्या अन् कामगारांच्या गाड्यांनी भरते. गिऱ्हाईक दोन चकरा मारून निघून जातं. वाहनतळासाठी जुन्या इमारती पाडायला माझा ठाम विरोध आहे, लोक येतात ते त्या इमारतींसाठीच. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडेना या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये पार्किंग मीटर बसवले आणि तो पैसा तिथल्याच फुटपाथ-दिव्यांवर खर्च केला, म्हणून व्यापारी राजी झाले. पण किनाऱ्यावर सुट्टीला झुंबड, एरवी शुकशुकाट. मग पार्किंगचे दर हंगामाप्रमाणे बदलावेत का? दिवसभर समुद्रावर थांबणाऱ्यांच्या गाड्या मागच्या रस्त्यांवर कशा वळवायच्या? आणि जुन्या इमारतीत नवं दुकान काढताना ठरावीक पार्किंग पुरवण्याची अट शिथिल केल्याचा कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.