अनुभव धागा : सणांतले पाणी, बाप्तिस्म्याचे पाणी

जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा यहुद्यांच्या मंडपांच्या सणात रोज पहाटे एक याजक शिलोहाच्या तळ्यावर जाई आणि सोन्याच्या घागरीत तीन 'लोग' (जुने यहुदी माप), म्हणजे लिटरभराच्या आसपास पाणी भरून आणी. वेशीत शिंगे फुंकली जात आणि मग ते पाणी वेदीवर ओतले जाई. ज्याने हा सोहळा पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असे मिश्ना हा यहुद्यांचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात याच सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून तहानेल्यांना आपल्याकडे बोलावतो. त्या हाकेमागे ती घागर आहे हे मला फार उशिरा उमगले. यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांतील पाण्याचे अर्थ ग्रंथांतून पुष्कळ सापडतात, म्हणून येथे अर्थ नको आहेत. आपल्या अंगावर पडलेले, आपण वाहून आणलेले किंवा आपल्याला नाकारले गेलेले पाणी तेवढे लिहावे, ही विनंती.

ठाणे, मूळ गाव अलिबागजवळ

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. माझे बालपण मांडवीच्या जुन्या मशिदीच्या आसपास गेले. आमचे वडीलधारे सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराला, मशीदच म्हणत. नव्या वर्षाच्या, म्हणजे रोश हशानाच्या दुपारी आम्ही धक्क्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहायचो. देव आपली पापे समुद्राच्या तळाशी टाकील, या मीखा संदेष्ट्याच्या वचनावर तो विधी उभा आहे. प्रार्थना संपली की आजोबा कोटाचे खिसे उलटे करून झटकायचे. एकदा त्यातून ट्रामचे जुने तिकीट उडाले आणि ते पाण्यावर कितीतरी वेळ तरंगत राहिले. ते बुडेपर्यंत जागचे हलायचे नाही, असा माझा हट्ट होता.

मात्र मला खरे कोडे पडे ते पावसाच्या प्रार्थनेचे. मंडपांचा सण संपता संपता आम्ही वारा वाहवणाऱ्या आणि पाऊस पाडणाऱ्या देवाचे स्मरण सुरू करतो, आणि नेमके तेव्हा मुंबईत चार महिन्यांचा पाऊस परतत असतो. पुढे डिसेंबरच्या ४ किंवा ५ तारखेच्या रात्रीपासून पाऊस प्रत्यक्ष मागायचा. बाबिलोनच्या हवामानाला धरून शरद विषुवापासूनचा साठावा दिवस ठरला आणि पवित्र भूमीबाहेरच्या सगळ्या यहुद्यांना तोच लागू झाला. डिसेंबरात कोकणात पाऊस पडला तर आंब्याचा मोहर गळतो. गावी चार कलमे असलेले आजोबा ती ओळ इमानाने म्हणायचे आणि प्रार्थना संपल्यावर हळूच पुस्ती जोडायचे, "तिकडे पाड, बाबा."

दिमोना, इस्राएल

आम्ही १९६० साली येथे आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. शेजारी बहुतेक मोरोक्कोचे होते. सप्ताहांच्या सणाला, शावुओतला, त्यांची मुले बादल्या घेऊन दिसेल त्याला भिजवायची, कारण तोरा, म्हणजे देवाने दिलेले धर्मशास्त्र, पाण्यासारखी आहे आणि ती ज्या दिवशी मिळाली त्या दिवशी कोणी कोरडे राहू नये. आई नखशिखांत भिजून घरात आली आणि म्हणाली, "ह्यांचा शिमगा उन्हाळ्यात येतो वाटते." वाळवंटातल्या गावात पाणी असे उधळलेले पाहून ती रागावण्याऐवजी सुखावली होती.

दुसरी आठवण कडू आहे. १९६३ साली थोरल्या बहिणीच्या लग्नाची नोंद करायला गेलो तेव्हा आमच्या आईची आई कोण, तिची आई कोण, असे प्रश्न विचारले गेले, आणि शंका राहू नये म्हणून बहिणीने मिकवेत, म्हणजे विधिस्नानाच्या कुंडात, शुद्धीची बुडी घ्यावी, असे सुचवले गेले. मिकवेत चाळीस सेआ (हेही जुने माप) पाणी लागते, तेही पावसाचे किंवा झऱ्याचे, आणि लग्नाआधी नवरी त्यात उतरते ती आनंदाने. आमचा आक्षेप पाण्याला नव्हताच. बाकीच्या नवऱ्या ज्या पायऱ्या उतरतात त्याच पायऱ्या आम्ही परके म्हणून उतराव्यात, हे आईला सोसले नाही. लग्न लांबले. पुढच्या वर्षी आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर बहीण मिकवेत गेली. बाहेर आली तेव्हा आईने तिचे केस घरून आणलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसले. तिथल्या टॉवेलला हात लावू दिला नाही.

नगर जिल्हा

दिमोनाच्या ताईंचे वाचून लिहितो आहे. माझ्या आजीचा बाप्तिस्मा तिच्या लग्नानंतर झाला. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पोहरा टाकता येत नसे. काठापासून लांब घागर ठेवून उभे राहायचे आणि कोणी दया येऊन वरून धार धरली तर ती झेलायची. पाळकांनी पितळी वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवली आणि ओला तळवा तिच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव तिच्या कानांत शिरलेच नाही, असे ती सांगे. परक्या माणसाचा हात आणि पाणी एकाच वेळी आपल्याला लागले, एवढेच तिला कळले. थेंब डोळ्यात गेला, तरी तिने तो पुसला नाही.

बाप्तिस्म्याने गावची विहीर खुली झाली नाही, हेही लिहिले पाहिजे. पाणी मिशनच्या आवारातूनच आणावे लागे. आजोबा मंडळीत शास्त्रपाठ वाचत आणि घरी आम्हाला २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्याची हकिगत सांगत. त्यांच्या तोंडी येशूच्या बाप्तिस्म्याची यार्देन नदी आणि चवदार तळे यांच्यात फारसे अंतर नसे.

बोरिवली

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात. विहिरीत थोडी दारू ओतून तिचा मान राखायचा, मग कळशा भरायच्या आणि त्या पाण्याने नवऱ्याला किंवा नवरीला न्हाऊ घालायचे. चर्चने हे सांगितलेले नाही, आणि मनाईही केलेली नाही. माझ्या लेकीच्या वेळी आमची विहीर बुजून तिच्यावर इमारत उभी होती. बँडवाले सोसायटीच्या टाकीशी थांबले आणि वॉचमनने नळी जोडून दिली. दारू कुठे ओतायची यावर काका-मंडळींत बराच खल झाला. अखेर ती वाया जाऊ दिली गेली नाही.

म्हापसा

२४ जूनला, सांजांवाला, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या सणाला, आम्ही डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतो. मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटात योहानाने उडी घेतली, ती ही उडी. मृगाच्या पावसाने भरलेल्या विहिरीचे पाणी किती गार असते, हे उडी मारल्याखेरीज कळायचे नाही.

पुणे

मी परिचारिका आहे आणि ख्रिस्ती नाही. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीला अठ्ठावीस आठवड्यांचे एक बाळ आमच्याकडे काचपेटीत होते. पहाटे तीनच्या सुमारास त्याचा श्वास ढासळू लागला. आई कॅथलिक होती. फादरना फोन केला, पण ते तासाभराच्या अंतरावर होते. त्यांनी फोनवरच सांगितले की जीव धोक्यात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते, देणारा स्वतः बाप्तिस्मा घेतलेला असलाच पाहिजे असे नाही. चर्चला जे करायचे आहे तेच करण्याचा हेतू, साधे पाणी आणि ठरलेले शब्द एवढे पुरते.

मी निर्जंतुक पाण्याची एक कुपी फोडली, सिरिंजमध्ये दोन मिलिलिटर घेतले आणि ते पाणी मुठीत धरून कोमट केले, कारण एवढ्याशा जिवाला गार थेंबही सोसत नाही. त्याचे कपाळ माझ्या अंगठ्याएवढे होते. आईने नाव सांगितले. मी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी सोडले आणि ते कानामागे ओघळण्याआधी कापसाने टिपले. माझा आवाज कापत होता आणि हातही.

बाळ जगले. तीन महिन्यांनी त्यांनी मला चर्चमध्ये बोलावले. बाप्तिस्मा एकदाच होतो, त्यामुळे फादरनी त्याच्या डोक्यावर पुन्हा पाणी घातले नाही. अभिषेकाचे तेल, पांढरे वस्त्र आणि मेणबत्ती एवढेच उरलेले विधी पुरे केले. नंतर त्यांनी नोंदवही उघडून बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवले आणि माझ्या आडनावाचे स्पेलिंग विचारले.