टाँग टेस्टर, मल्टिमीटर, मेगर: कोणता आकडा काय सांगतो?

लेथ_उद्यमनगर
लेथची ५ एचपी थ्री फेज मोटर, ४१५ व्होल्ट, डेल्टा जोडणी. चक रिकामा फिरताना टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा मीटर) ३.२ अँपिअर दाखवतो. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर १३२८ वॅट येतात. रिकाम्या मोटरला एवढी वीज लागते का? दुसरं, पाऊस लागल्यापासून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतोय. मल्टिमीटर बीपवर ठेवून वायंडिंग ते बॉडी तपासलं, आवाज येत नाही. मग गळती कुठली?

पॅनेलवायरमन
थ्री फेजला १.७३२ ने गुणायचं राहिलं. १.७३२ × ४१५ × ३.२ म्हणजे २३०० व्हीए (नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार), आणि तेही वॅट नव्हेत. रिकाम्या मोटरचा बराचसा करंट नुसतं चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात जातो. तेव्हा पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खऱ्या वॅटचा वाटा) ०.२ च्या आसपास असतो, म्हणजे खरे वॅट ४५०-५००. टाँग टेस्टरला फक्त अँपिअर कळतो, पॉवर फॅक्टर कळत नाही. वॅट हवेत तर पॉवर मीटर लावा.

मोटरच्या नेमप्लेटवरचे ३.७ किलोवॅट (५ एचपी) हे शाफ्टवर मिळणारे. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत ४.३५ किलोवॅट जातात. ०.८ पॉवर फॅक्टरला ते ५.४ केव्हीए, म्हणजे साधारण ७.५ अँपिअर. पॉवर फॅक्टर सुधारायला या मोटरला २ केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर त्याच्या आउटपुटला कपॅसिटर अजिबात लावू नका, ड्राइव्ह जातो.

रिवायंडिंग_शिरोली
बीप वाजत नाही म्हणजे इन्सुलेशन चांगलं, हा समज आधी सोडा. बहुतेक मीटरचा बीप काही दहा ओहमच्या आतच वाजतो. ईएलसीबीचा हिशोब करा: २४० व्होल्ट भागिले ०.०३ अँपिअर, ८००० ओहम. एवढ्या वाटेनेसुद्धा तो पडणार आणि तुमचा मीटर गप्पच राहणार. शिवाय मल्टिमीटर बॅटरीच्या जोरावर चालतो. ओल धरलेलं इन्सुलेशन तेवढ्याला दाद देत नाही, २४० व्होल्टला मात्र गळतं.

५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) मारा. मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. कपॅसिटर सोडवून डिस्चार्ज करा. ड्राइव्ह असेल तर केबल तिथून सोडवाच, मेगरचा व्होल्टेज त्यातली इलेक्ट्रॉनिक्स उडवतो. मग टर्मिनल बॉक्समधल्या केबलच्या वायरी आणि वायंडिंग एकमेकांना जोडणाऱ्या तिन्ही पट्ट्या काढा. अर्थ बोल्टजवळचा रंग खरवडून एक क्लिप तिथे, दुसरी यू१ ला (पहिल्या वायंडिंगचं टोक), मिनिटभर. तसंच व्ही१, डब्ल्यू१. मग वायंडिंग ते वायंडिंग. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर चालू करू नका. मोटर थंड असतानाच मोजा, कारण तापमान दर १० अंश वाढलं की इन्सुलेशनचा आकडा साधारण निम्मा होतो. सुटी केलेली केबलही वेगळी मेगर करा.

लेथ_उद्यमनगर
केबल चांगली आहे. व्ही१ आणि डब्ल्यू१ १०० मेगाओहमच्या वर. यू१ ते बॉडी ०.००.

रिवायंडिंग_शिरोली
मग ही सगळीकडची ओल नाही. तसं असतं तर तिन्ही आकडे खाली आले असते, आणि बेल कव्हर (मोटरच्या टोकाचं झाकण) काढून १०० वॅटच्या बल्बने रात्रभर सुकवून भागलं असतं. इथे सुकवण्यात वेळ घालवू नका.

मेगरवर ०.०० म्हणजे थेट शॉर्टच असं नाही, शेवटचा अंक १० किलोओहमचा आहे. मल्टिमीटर किलोओहमला लावून बघा, ५-८ किलोओहम दिसू शकतात. टर्मिनल प्लेटवरून त्या वायंडिंगच्या दोन्ही टोकांच्या लीड (यू१ आणि यू२) सोडवून हवेत धरा आणि पुन्हा मेगर करा. आकडा वर गेला तर दोष प्लेटचा: बोल्टपासून बॉडीपर्यंत काळी रेघ जळलेली सापडेल, कार्बनची. खरवडून उपयोग नाही, प्लेटच बदला. आकडा तसाच राहिला तर लीड बॉडीच्या भोकातून येते तिथली स्लीव्ह बघा, कडेला घासून फाटते. तिथेही काही नसेल तर दोष स्लॉटमध्ये (वायंडिंग बसते त्या खाचेत) आहे, वायंडिंग करावं लागेल.

पॅनेलवायरमन
तोवर ईएलसीबी बायपास करून लेथ चालवू नका. अर्थची वायर सैल असली तर लेथच्या हँडललाच शॉक बसेल.