मदत हवी आहे: फ्रीबीएसडीची मॅन पानं कागदावर छापायची आहेत, 40 प्रती

पासोडी (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, आधीच सांगून ठेवते.

मी इथल्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. 22 जुनी मशीनं आहेत, त्यांच्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चालते. मुलं केज, धारूर, परळीकडच्या खेड्यांतून येतात, बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर नाही. त्यांना घरी नेता येईल असं मॅन पानांचं (मशीनमध्येच असलेल्या, एकेका कमांडच्या माहितीच्या पानांचं) पुस्तक करून द्यायचंय. "मॅन टाइप केलं की सगळं समोर येतंच की" असं कुणीतरी म्हणणार, म्हणून सांगते. घरी टाइप करायला काही नाही, आणि लॅबमध्ये मॅन उघडलं की आपलं काम त्याच्यामागे झाकलं जातं. क्यू दाबून परत येईस्तोवर पोरगं विसरलेलं असतं की पर्याय छोटा एल होता की मोठा.

शिवाय ही पानं मुळात कागदासाठीच जन्मलेली. थॉम्पसन आणि रिची यांच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. त्या टोळीला बेल लॅब्समध्ये पीडीपी-11 हे मशीन मिळालं तेच मजकूर जुळवणीच्या नावाखाली, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिथला पेटंट विभाग. कमांड विभाग 1 मध्ये, सिस्टिम कॉल 2 मध्ये, ही वाटणी तेव्हापासून आजतागायत तशीच आहे. मग कागदावरून पडद्यावर आलेलं परत कागदावर न्यायला इतका जीव का जावा?

आता काय काय करून बसले ते सांगते. विभाग 1 मधल्या 90 कमांड आणि विभाग 8 मधल्या (सिस्टिम सांभाळायच्या) 15 निवडल्या. फ्रीबीएसडीतल्या मॅनडॉकला (मॅन पानं मांडणारा प्रोग्रॅम) पीडीएफ काढायला सांगितलं, कागद ए5. झटक्यात निघाल्या. पेनड्राइव्ह घेऊन इथल्या एका छापखान्यात गेले. तिथल्या मशीनवर फाइल उघडली तर अक्षर भलतंच, ओळी एकमेकींत घुसलेल्या. डीटीपी करणारे दादा भले माणूस. म्हणाले, "मॅडम, हे अक्षर आमच्याकडं नाही यायलं. मी नीट जुळवून देतो." आठ दिवसांनी प्रूफ हातात दिलं. दिसायला देखणं. वर म्हणाले, "डबल डॅश पडला व्हता सगळीकडं चुकून, मी एकेक करून दिला."

मला घाम फुटला. ग्रेपच्या (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) पानावर डॅश-डॅश-कलरचं डॅश-कलर झालेलं. मुद्दाम एका मुलीला प्रूफ देऊन टाइप करायला लावलं. ग्रेपनं चूक दाखवली असती तर बरं झालं असतं, पण सी, ओ, एल, ओ, आर या पाचही अक्षरांचे पर्याय ग्रेपला आहेत! त्यानं मुकाट्यानं हुकूम पाळला आणि रंगीत ओळींऐवजी फाइलींची नावं ओळीनं मांडून ठेवली. ती म्हणाली, "बरोबरच तर आलंय, मॅडम." पुढं न्यूसिसलॉग हा कमांडच्या नावाचा शब्द ओळीच्या शेवटी तुटून मध्ये संयोगचिन्ह आलेलं, तिनं तेही इमानेइतबारे टाइप केलं. सरळ अवतरणचिन्हं सगळी वाकडी झालेली. दादांना काय बोलणार? त्यांनी कादंबरी सुधारावी तसं मॅन्युअल सुधारलं.

तर माझं अडलंय इथं. छापखान्यात मजकुराला कुणाचा हात लागणार नाही अशी फाइल कशी करायची? दुसरं, प्रत्येक कमांडच्या डोक्यावर मला दोन-तीन ओळी मराठीत घालायच्यात, म्हणजे ही कशाला वापरायची, आपल्याकडचं एखादं उदाहरण. ग्रॉफमध्ये (छपाईसाठी मजकूर जुळवणारा प्रोग्रॅम) मराठी घालून पाहिलं, वेलांट्या आणि जोडाक्षरं कुठल्या कुठं गेली. तिसरं, एकट्या शेलचं (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) 'पान' ए5 वर पन्नासच्या वर पानांचं होतंय. त्याला कापायचं का? आणि बांधणी कोणती करायची? पैसे वर्गणीचे आहेत, तेवढं ध्यानात घ्या.

बिनपगारी रूट

ताई, ऑल्ट आणि एफ2 दाबलं की दुसरा कन्सोल मिळतो. एकीकडं मॅन, एकीकडं काम. पुस्तक कशाला?

पासोडी

शिकवलंय दादा ते. ऑल्ट-एफ2 घरी नेता येत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फॉन्टमध्ये आहे. मॅनडॉकच्या पीडीएफमध्ये टाइम्स हे फॉन्टचं नुसतं नाव असतं, फॉन्ट फाइलीत भरलेला नसतो. तुमच्या मशीनवर आहे म्हणून दिसला, छापखान्यात नव्हता म्हणून त्यांच्या मशीननं जे सापडलं ते लावलं. आणि मॅनडॉक पीडीएफमध्ये समरुंदीचं अक्षर वापरतच नाही. उदाहरणांतले रकाने नीट बघा, वाकडे झाले असतील.

छपाईसाठी ग्रॉफच घ्या. फ्रीबीएसडीत आता तो सोबत येत नाही, पोर्ट्स या जोड-प्रोग्रॅमांच्या संग्रहातून टाकावा लागतो. मॅक्रो (मांडणीच्या खुणांचा संच) एमडॉक, आउटपुट पीडीएफ, आणि पीडीएफ बनवणाऱ्या ग्रॉपीडीएफला 'ई' हा पर्याय द्या, म्हणजे नेहमीचे 14 फॉन्टसुद्धा फाइलीतच भरले जातात. कागदाचा आकार दोन्हीकडं सांगा, ग्रॉफलाही आणि ग्रॉपीडीएफलाही. एकीकडंच सांगितला की समास सरकतो, मी दोन रिमा अशाच घालवल्यात. ग्रॉफ स्वतःही ओळीच्या शेवटी शब्द तोडतो, म्हणून शब्द तोडायचं ठरवणारं एचवाय रजिस्टर शून्य करा. न्यूसिसलॉग अख्खा राहील.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. मॅन पानाचा कॉपीराइट मजकूर मूळ फाइलीच्या डोक्यावर टिपेत असतो, छापील पानावर तो उतरतच नाही. बीएसडी परवाना छापायला, वाटायला, विकायलासुद्धा मोकळीक देतो, पण ती सूचना सोबत हवी. प्रत्येक फाइलीतून ती उपसून पुस्तकाच्या शेवटी एकत्र छापा. मुखपृष्ठावर फ्रीबीएसडी हे नाव घेताना अधिकृत प्रकाशन वाटेल असं काही करू नका, ते नाव फ्रीबीएसडी फाउंडेशनचा ट्रेडमार्क आहे.

खिळेजुळारी (लातूर)

मी तीस वर्षं छापखान्यात काढली, पहिली आठ खिळे जुळवण्यात. ताईंच्या डीटीपीवाल्याची बाजू घेतो. त्याच्याकडं येणारा मजकूर लग्नपत्रिकेचा नाहीतर दिवाळी अंकाचा. त्यात दोन डॅश म्हणजे चूकच. खिळे जुळवायचो तेव्हा आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती, समजलं नाही तर हात लावू नको, विचार. आता कॉम्प्युटरच न विचारता हात लावतो. तेव्हा छापखान्याला मजकूर देऊच नका, पीडीएफ द्या आणि कामाच्या चिठ्ठीवर लाल शाईत लिहा, "फाइल जशीच्या तशी. उघडून दुरुस्ती करू नये." प्रूफ आलं की अख्खं वाचत बसू नका, तुम्हाला माहीत असलेल्या वीस अवघड जागा काढा आणि तेवढ्या भिंग लावून बघा.

चाळीस प्रतींना ऑफसेटवर जाऊ नका. प्लेटचा खर्च चाळीसवर वाटला की एकेक प्रत सोन्याची होईल. डिजिटलवर पाठपोट काढा, 70 जीएसएम मॅपलिथो कागद चालेल. त्याहून पातळ घेतलात तर मागचं अक्षर पुढं दिसतं, आणि तुमच्या पुस्तकात टिंबाला किंमत आहे.

बांधणी परफेक्ट (कण्याला डिंक लावलेली) नको. पोरं पुस्तक कीबोर्डशेजारी उघडं ठेवणार, ते मिटलं की कोपरानं दाबणार, चार महिन्यांत कणा सुटून पानं हातात. स्पायरल करा. फक्त आतला समास भोकांसाठी 20 मिमी सोडा, नाहीतर ओळीचं पहिलं अक्षर भोकात जातं, आणि तुमच्याकडं पहिलं अक्षर म्हणजे डॅश.

बिनपगारी रूट

खिळेजुळारी काका, नमस्कार घ्या. स्पायरलवरून आठवलं. युनिक्सची जुनी मॅन्युअलं रिंगच्या फायलीत असायची आणि प्रत्येक कमांडचं पान 1 पासून सुरू व्हायचं. एखादी कमांड बदलली की तेवढीच पानं काढून नवी घालायची. ताई, तुम्हीही सलग क्रमांक देऊ नका. पुढच्या वर्षी आवृत्ती बदलली तर 12 पानं बदलून भागेल. एमडॉकच्या पानाखाली तारीख आणि सिस्टिमचं नाव आपोआप येतं, ते पुसू नका. कुठलं पान जुनं ते त्यावरूनच कळेल.

(आणि हो, पुस्तक कशाला हा प्रश्न मागे घेतो.)

गोदाकाठ

मराठीचं राहिलं होतं. ग्रॉफला देवनागरीची जुळणी येत नाही. तो अक्षरं आली त्या क्रमानं ओळीत बसवतो, म्हणून वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. त्याच्याशी झगडू नका. इंग्रजी पानं ग्रॉफमध्येच राहू द्या, मराठी ओळी झीलेटेक या दुसऱ्या जुळणीच्या प्रोग्रॅममध्ये करा. तिथं हार्फबझ जुळणी करतं, जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे. भाषा मराठी सांगायला विसरू नका, फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मग पीडीएफपेजेस या पॅकेजनं ग्रॉफची तयार पानं मराठी पानांमागे जशीच्या तशी चिकटवा. अनुक्रमणिकाही तेच करून देतं. झीलेटेकमध्ये एकच सांभाळा: मराठी ओळींत कमांड लिहिली तर दोन डॅशचा लांब डॅश तिथंही होतो. चिन्हं आपोआप बदलणारी 'टेक लिगेचर' ही सोय बंद ठेवा. म्हणजे तुमचे डीटीपीवाले दादा तिथंही बसलेत.

शेलचं पान कापू नका, वेगळं काढा. स्वतंत्र पातळ पुस्तिका करा, ज्याला हवी तो घेईल.

पासोडी

सगळ्यांचे आभार. काल रविवारी बसून केलं. ग्रॉफवर 14 कमांडींचा नमुना काढला, ग्रेपचं पान पहिलं. दोन डॅश दोनच आहेत! न्यूसिसलॉग अखंड आहे. मराठी ओळी झीलेटेकमधून आल्या. फाइलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या चमोडच्या डोक्यावर मी लिहिलंय: "घराची किल्ली कुणाकडे, कपाटाची कुणाकडे आणि अंगणात कुणी यायचं, हे ठरवायची कमांड." मालक, गट आणि बाकीचे, तीन अंक, तीन किल्ल्या. हे खटकत असेल तर सांगा.

टोपणनावाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगते. दासोपंतांनी इथं अंबाजोगाईत लांबलचक कापडावर पंचीकरण हा ग्रंथ लिहिला, ती पासोडी. पान उलटायचं कामच नाही, उलगडत जायचं. पडद्यावरचं मॅन मला तसंच वाटतं. आता तिची पानं पाडायला बसलेय.

एक शेवटचं. अनुक्रमणिकेत कमांडचं नाव माहीत असेल तरच सापडतं. मुलाला 'कॉपी' माहीत असतं, 'सीपी' माहीत नसतं. त्याला कसं शोधू द्यायचं?

बिनपगारी रूट

त्याचं उत्तरही जुन्या मॅन्युअलातच आहे. त्यात फिरती सूची असायची: प्रत्येक पानाची एका ओळीची ओळख घेऊन तिच्यातल्या एकेका शब्दाखाली ती परत मांडायची. 'कॉपी फाइल्स' ही ओळ सी खालीही सापडते आणि एफ खालीही. मॅन पानांच्या ओळखीत शब्द शोधणाऱ्या अप्रोपॉसमधून त्या ओळी काढा आणि अशी सूची करणाऱ्या पीटीएक्सला द्या. ग्नू कोअरयुटिल्समध्ये तो अजून आहे, रॉफसाठीही (ग्रॉफचं घराणं) काढून देतो आणि टेकसाठीही (झीलेटेकचं).

पासोडी

पीटीएक्स टाकला, चालला. 105 कमांडींची सूची साडेनऊ पानांची झाली. आज संध्याकाळी डिजिटलवाल्याकडे जातेय, लाल शाईची चिठ्ठी खिशात आहे.