मेडि-कॅल: पैसा कोणाचा आणि पिवळा लिफाफा

प्रेषक: मुकुंद

नमस्कार मंडळी,

"आपला फेडरल टॅक्स अनडॉक्युमेंटेड लोकांच्या विम्यावर उडतोय" असं कालपासून दोघातिघांनी लिहिलंय. हा विमा म्हणजे मेडि-कॅल: कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्याचं कॅलिफोर्नियातलं रूप. अनडॉक्युमेंटेड म्हणजे इथे राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेले. टॅक्स जातो, पण तो राज्याचा. १९९६ च्या कायद्यामुळे या लोकांना पूर्ण मेडिकेडसाठी फेडरल पैसा मिळतच नाही. वॉशिंग्टन फक्त इमर्जन्सी उपचार आणि बाळंतपण यांतला ठरलेला हिस्सा उचलतं. मधुमेहाच्या गोळ्या, चष्मा, नेहमीची तपासणी हे सगळं सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, जनरल फंडातून.

राज्याने या लोकांना पूर्ण मेडि-कॅलचं दार टप्प्याटप्प्याने उघडलं: २०१६ मध्ये मुलांना, २०२० मध्ये १९ ते २५ वयाच्यांना, २०२२ मध्ये पन्नाशीपुढच्यांना आणि जानेवारी २०२४ मध्ये मधल्या २६ ते ४९ वाल्यांना. शेवटच्या टप्प्यात अंदाज कोसळला. नोंदणी अपेक्षेबाहेर गेली, औषधंही महागली. मार्च २०२५ मध्ये मेडि-कॅलसाठी ३.४४ अब्ज डॉलर उसने घ्यावे लागले. ती उसनवारी मात्र अख्ख्या मेडि-कॅलची, एकट्या या गटाच्या माथी मारू नका. आता १ ऑक्टोबर २०२६ पासून फेडरल सरकार इमर्जन्सीतला हिस्साही कमी करतंय. उत्पन्नाच्या निकषाने ओबामाकेअरच्या विस्तारित गटात बसणाऱ्या प्रौढांच्या अशा उपचारांसाठी ९० टक्के मिळत होते, ते कॅलिफोर्नियाला ५० टक्के मिळतील.

मुकुंद

---

प्रेषक: विद्या

मुकुंदकाका, हिशेब बरोबर. पण लोकांना मदत करणाऱ्यांनी आता तारखा डोक्यात ठेवायला हव्यात.

१९ वर्षं आणि त्यापुढच्या अनडॉक्युमेंटेड प्रौढांची पूर्ण मेडि-कॅलची नवी नोंदणी १ जानेवारी २०२६ पासून बंद. गरोदर बायका आणि १९ च्या आतली मुलं यातून वगळलीत. ज्यांचं कार्ड आधीचं आहे त्यांचं चालू राहतं, मात्र दरवर्षीचं नूतनीकरण चुकता कामा नये. दातांचे उपचार १ जुलै २०२६ पासून जातात (इमर्जन्सी सोडून), आणि १ जुलै २०२७ पासून १९ ते ५९ वयाच्यांना महिना ३० डॉलर हप्ता.

गाडं अडतं ते पिवळ्या लिफाफ्यापाशी. काउंटीकडून नूतनीकरणाचा फॉर्म त्यात येतो. घर बदललं आणि पत्ता कळवला नाही, की लिफाफा जुन्या दारात पडून राहतो आणि कार्ड गुपचूप बंद होतं. पूर्वी नवा अर्ज करून भागायचं, आता तो मार्गच नाही. बंद झाल्यापासून ९० दिवसांत राहिलेला फॉर्म किंवा पुरावा दिला तर कव्हरेज परत मिळतं. म्हणून आधी बेनिफिट्सकॅल या सरकारी वेबसाइटवर पत्ता आणि फोन तपासा. रोखीने पगार घेणाऱ्याकडे पे-स्टब (पगाराची पावती) नसतो, तेव्हा मालकाचं तारखेसह पत्र लावा. फॉर्मवर सही राहिली तर तो अपुरा धरतात, आणि ही चूक फार होते. काउंटीत हातोहात दिलात तर पोच मागून घ्या.

विद्या

---

प्रेषक: स्मिता

ताई, आईबाबा ग्रीनकार्डवर आलेत, दोघंही ६५ च्या वर. त्यांनाही हे लागू? आणि सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यांचं काय?

---

प्रेषक: विद्या

स्मिता, ग्रीनकार्डवाल्यांना नोंदणीबंदी लागू नाही, कार्डाला पाच वर्षं झालेली नसली तरी. त्यांची अडचण वेगळी आहे. ६५ च्या वरच्यांसाठी मालमत्तेची मर्यादा १ जानेवारी २०२६ पासून परत आली: एकट्याला १,३०,००० डॉलर, जोडप्याला १,९५,०००. राहतं घर आणि एक गाडी धरत नाहीत. पुण्यातला रिकामा फ्लॅट आणि बँकेतल्या एफडी मात्र धरतात. "तिकडचं इथे कोण विचारतं" असं म्हणून ते लपवू नका, फॉर्मवर खोट्या माहितीची सही तुमच्याच लोकांची असते.

व्हिजिटर व्हिसावाल्या कॅलिफोर्नियाच्या रहिवासी धरल्या जात नाहीत, त्यामुळे मेडि-कॅल नाही. त्यांना इकडे येण्याआधी प्रवासविमा घेणंच शहाणपणाचं. छातीत दुखलं तर इमर्जन्सी रूम १९८६ च्या कायद्यानुसार तपासून प्रकृती स्थिर करेलच, पण बिल नंतर घरी येतं. ते लगेच क्रेडिट कार्डावर भरू नका. आधी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाकडे चॅरिटी केअरचा (बिलमाफी किंवा सवलतीचा) अर्ज मागा. दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना, विमा नसेल तर, सवलतीसाठी अर्ज करता येतो. नोंदणी बंद झालेल्या प्रौढांना इमर्जन्सी उपचारांपुरतं मेडि-कॅल अजून मिळतं, हॉस्पिटलच्या बाकी बिलांसाठी त्यांनाही हाच रस्ता.

विद्या