सिंगापूरच्या चायनाटाउनमधलं शॉपहाउस हॉटेल: बिनखिडकीच्या खोलीला पैसे मोजावेत का?

माडीवाला

सिंगापूरला पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: लिटल इंडियात रहा, नाहीतर एखादं मोठं हॉटेल घ्या. मला हे पटत नाही. दोघंच जात असाल, तीन-चार रात्रींचा मुक्काम असेल आणि मरीना बे या पाण्याकाठच्या भागातले दर झेपणारे नसतील, तर चायनाटाउनमध्ये जुन्या शॉपहाउसात केलेलं छोटं डिझाइन हॉटेल घ्यावं.

शॉपहाउस म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड. तोंड अरुंद, अंग लांबलचक, दोन्ही शेजाऱ्यांशी भिंत सामाईक. दाराशी छपराखालून जाणारी पाच फुटी वाट असते. ती ब्रिटिश सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सच्या १८२२ च्या नगर आराखड्यातली कल्पना. तिच्यामुळे भर पावसातही अख्खी गल्ली जवळजवळ कोरड्या पायांनी ओलांडता येते. जुलै १९८९ मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया आणि कम्पोंग ग्लाम ही जतनक्षेत्रं ठरली. तेव्हापासून ही घरं पाडून तिथे मनोरा उभा करता येत नाही. हॉटेलवाल्याला आहे त्या सांगाड्यातच खोल्या बसवाव्या लागतात, म्हणून कल्पकता येते: पलंगाखाली बॅगांचे कप्पे, उतरत्या छपराखाली झोपायची जागा, भिंतीत मुडपणारं टेबल.

आणि जागा! चायनाटाउन स्टेशनातून पॅगोडा स्ट्रीटच्या दाराने वर आलं की तुम्ही वस्तीच्या मधोमध असता. गल्लीच्या टोकाला १८२७ चं श्री मरिअम्मन देऊळ आहे. त्याच्या गोपुरावरूनच ‘पॅगोडा’ हे नाव पडलं. मेट्रोच्या डाउनटाउन मार्गाने बेफ्रंट, म्हणजे मरीना बेचं स्टेशन, तिसरं. सेंटोसा बेटासाठी उतरायचं हार्बरफ्रंट स्टेशन नॉर्थ ईस्ट मार्गावर दुसरं. चायनाटाउनमधलंच मॅक्सवेल स्टेशन २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून गार्डन्स बाय द बे या बागेलाही थेट गाडी आहे. खोलीत तसंही झोपायलाच यायचं असतं.

सहकुटुंब

‘झोपायलाच यायचं असतं’ हे वाक्य फार महागात पडतं. तीन गोष्टी कोणी सांगत नाही.

पहिली, दर. आकड्यापुढे अधिकाची दोन चिन्हं (++) असतील तर त्यावर १० टक्के सेवा आकार आणि मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १५० सिंगापूर डॉलरची खोली १७९.८५ ला पडते. चार रात्रींत जवळपास १२० डॉलरचा फरक. ‘परवडणारं’ म्हणताना हा हिशेब आधी करा.

दुसरी, आकार. या हॉटेलांत १० ते १२ चौरस मीटरची खोली अगदी सर्रास असते, म्हणजे साधारण १०८ ते १३० चौरस फूट, न्हाणीघर धरून. त्यात दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. जादा गादी टाकायला जमीनच उरत नाही, त्यामुळे ‘मुलाला मध्ये झोपवू’ हा आपला नेहमीचा तोडगा चालत नाही. आरक्षणात मुलाची नोंद नसेल तर स्वागतकक्षातच अडवतात.

तिसरी, काच. डिझाइनच्या नावाखाली न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये नुसती काच उभी केलेली असते. नवरा-बायकोला कदाचित चालेल. आई-मुलगा, सासू-सून किंवा दोन मैत्रिणी एका खोलीत असतील तर चालत नाही. ही गोष्ट लिहिलेली नसते, फोटोत शोधावी लागते.

त्यापेक्षा बेनकूलन किंवा लॅव्हेंडर या भागांत साधं, उंच हॉटेल घ्यावं. तिथे लिफ्ट असते, खिडकी असते आणि मेट्रो जवळ असते.

गवाक्ष

दोघेही एका मुद्द्याला बगल देताय, आणि तोच निर्णायक आहे. घराचं तोंड अरुंद म्हटल्यावर रस्त्याकडच्या खिडक्या एका मजल्यावर जेमतेम एक-दोन खोल्यांच्या वाट्याला येतात. मधल्या खोल्या एकतर बिनखिडकीच्या असतात, नाहीतर घराच्या पोटातल्या उघड्या चौकाकडे तोंड करून. मूळ घरात हा चौक उजेड-वाऱ्यासाठी असे. आता बऱ्याच ठिकाणी एसीची बाहेरची यंत्रं तिथेच टांगतात आणि तळाशी नाश्त्याची टेबलं मांडतात. मग रात्री घरघर आणि सकाळी सातपासून कपबशांचा आवाज सरळ वर येतो. अशा खोलीलाही ‘खिडकीची खोली’ असंच नाव असतं.

‘सुपीरियर’, ‘डिलक्स’ या शब्दांवरून खिडकीचं काहीच कळत नाही. आरक्षणाआधी हॉटेलला लेखी चार प्रश्न विचारा: खिडकी आहे का, आणि ती रस्त्याकडे उघडते, चौकाकडे की छतात आहे? रस्त्याकडची असेल तर आतून दुसरी काच बसवली आहे का? जुन्या लाकडी झडपा देखण्या असतात, पण आवाज अडवत नाहीत. वरच्या मजल्याची जमीन लाकडी आहे की काँक्रीटची? लाकडी असेल तर वरच्या माणसाची टाच न् टाच ऐकू येते. अशा वेळी सर्वांत वरचा मजला मागावा. लिफ्ट आहे का? दोन-तीन मजली घरांत ती नसू शकते, आणि जुने जिने उभे असतात.

उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्या की खिडकी नाही.

माडीवाला

गवाक्ष यांचे प्रश्न जसेच्या तसे मान्य. काचेचंही मान्य, मी ते लिहायला हवं होतं. पण बिनखिडकीची खोली म्हणजे शिक्षाच, हे मान्य नाही. मुंबईहून रात्री सुटलेलं विमान सकाळी सातच्या सुमारास उतरतं, तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात साडेचार वाजलेले असतात. दुपारी तीनला खोली मिळाल्यावर दोन तास गाढ झोपायचं तर अंधारी, शांत खोलीच बरी. रात्रीही केओंग साइक रोड किंवा क्लब स्ट्रीटकडच्या खोल्यांना खानावळी आणि बारचा गजबजाट सोसावा लागतो, शुक्रवार-शनिवारी तर जास्तच. तिथे रस्त्याकडची खिडकी घेऊन वर पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सहकुटुंब

एका दुपारच्या झोपेसाठी चार दिवस अंधारात? शिवाय दमटपणाचं काय? सिंगापूरची हवा बाराही महिने दमट. बहुतेक खोल्यांत कार्ड खाचेतून काढलं की एसी बंद होतो. दिवसभर बाहेर राहून परत यावं तर बिनखिडकीच्या खोलीत ओल्या टॉवेलांचा कुबट वास कोंडलेला असतो. धुतलेला शर्ट रात्रीत वाळत नाही.

गवाक्ष

कारण बरोबर आहे, पण त्यावर इलाज आहे. खिडकी नसली तरी छताजवळ ताजी हवा आणणारी जाळी असते. तिच्यासमोर टिश्यू धरून बघा. हलला नाही तर सामान उघडण्याआधीच खोली बदलून मागा. एसीत कोरडं करण्याचा वेगळा पर्याय असेल तर झोपताना तो लावा, न्हाणीघराचा पंखा अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा आणि दार लावून घ्या. कपडे खोलीत वाळवू नका, जवळचं स्वयंसेवा धुलाईकेंद्र शोधा. मात्र दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी बिनखिडकीची खोली घेऊच नये. इथे मी सहकुटुंब यांच्या बाजूने आहे.

मेतकूट

खाण्याबद्दल कोणी बोललंच नाही, आणि आपल्याकडच्या अर्ध्या लोकांचा मुक्काम त्यावरच ठरतो. सकाळ-संध्याकाळ इडली किंवा थाळी लागणाऱ्यांनी सरळ लिटल इंडियात राहावं. कोमला विलास ही शाकाहारी खानावळ १९४७ पासून तिथे आहे, टेक्का सेंटर हा बाजार आहे. फक्त रविवारी संध्याकाळी सेरंगून रोडवर सुट्टीच्या कामगारांची तोबा गर्दी असते. त्या दिवशी बॅगा ओढत पोहोचू नका.

चायनाटाउनमध्ये शाकाहारी उपाशी राहतात ही समजूत मात्र चुकीची आहे. स्मिथ स्ट्रीटवरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये ‘素’ (शाकाहारी) ही खूण असलेले खाण्याचे गाळे शोधा. बौद्ध पद्धतीच्या जेवणात सहसा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींना ते कधी कधी भारतीय हॉटेलापेक्षा सोयीचं पडतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा: मांसासारखा दिसणारा तुकडा सोयाचा किंवा गव्हाच्या सत्त्वाचा असतो, दचकू नका, आणि अंडं आहे का, हे वेगळं विचारा. हॉटेलचा नाश्ता दरात धरून घेऊ नका. छोट्या हॉटेलांत शाकाहाऱ्याच्या वाट्याला त्यातलं पाव, फळं आणि कॉर्नफ्लेक्सच येतात.

माडीवाला

मेतकूट यांच्या सल्ल्यात तारखांची भर घालतो. दिवाळीच्या साधारण आठवडाभर आधी मरिअम्मन देवळात थीमिथी, म्हणजे निखाऱ्यांवरून चालण्याचा उत्सव असतो. साउथ ब्रिज रोडवर वाहतूक वळवतात, टॅक्सी दारापर्यंत येत नाही. चिनी नववर्षाआधीचे तीन-चार आठवडे रोषणाई आणि बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. बघायला सुंदर, झोपायला कठीण. फॉर्म्युला वन मोटारशर्यतीच्या आठवड्यात तर दरच असे चढतात की ‘परवडणारं’ हा शब्द उरत नाही.

सहकुटुंब

दोघांसाठी, खिडकीबद्दल लेखी उत्तर घेऊन, गर्दीच्या तारखा टाळून: एवढ्या अटींवर चायनाटाउन मान्य. आई-वडील किंवा मूल बरोबर असेल तर माझं मत बदललेलं नाही. आणि सकाळी सातला उतरून तीनपर्यंत थांबायचं असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या, किंवा निदान बॅगा ठेवायला जागा आहे का ते आधी विचारा. स्वागतकक्षच शंभर चौरस फुटांचा असेल तर तिथे दहा जणांच्या बॅगा मावत नाहीत, आणि मग त्या पाच फुटी वाटेवर ठेवलेल्या दिसतात.